ब्लू ओकलीफ: सुक्या पानाचं सोंग घेणाऱ्या फुलपाखराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरला की जंगलात फिरणाऱ्यांकडून सुक्या पानासारख्या फुलपाखरांचे फोटो येऊ लागतात आणि सोबत ठरलेला प्रश्न असतो: हे ओकलीफ का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. खरं ब्लू ओकलीफ पाहायला मिळणं काही दुर्मीळ योग नाही, पण त्याला शोधायचं तर रंगरूपाइतकंच त्याच्या वागण्याकडे लक्ष द्यावं लागतं. म्हणून इथे ओळखीच्या खुणा थोडक्यात आणि सवयी जरा सविस्तर दिल्या आहेत.

हे फुलपाखरू नेमकं कोणतं?

शास्त्रीय नाव कॅलिमा हॉर्सफिल्डी. ऑस्ट्रियन कीटकतज्ज्ञ व्हिन्सेन्झ कोलार यांनी 1844 मध्ये त्याचं वर्णन केलं. नावातले हॉर्सफिल्ड म्हणजे थॉमस हॉर्सफिल्ड. हे मूळचे अमेरिकन डॉक्टर. जावा बेटावर त्यांनी बरंच काम केलं आणि पुढे लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयाची जबाबदारी सांभाळली. कूळ निम्फॅलिडी. या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखडलेले असतात, त्यामुळे बसल्यावर चारच पाय टेकलेले दिसतात.

ही जात फक्त भारताच्या द्वीपकल्पात आढळते. श्रीलंकेत आणि अंदमानात तिची भावंडं आहेत, पण त्या वेगळ्या जाती मानल्या जातात.

पंख उघडले की कसं दिसतं?

चांगलं मोठं. पसरलेले पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 8 ते 11 सेंटिमीटर भरतात. बुडाकडचा भाग राखाडी छटेचा निळा. पुढच्या पंखावर तिरका, रुंद, फिकट निळसर-पांढरा पट्टा. त्याच्या पलीकडे पंखाचं टोक गडद, जवळजवळ काळं, आणि त्या काळ्यात टोकाजवळ एक छोटा पांढरा ठिपका. पट्ट्याच्या आसपास काचेसारखा आरपार दिसणारा एक बारका ठिपकाही असतो. हा ठिपका लक्षात ठेवा, कारण पंख मिटल्यावर तो वेगळंच काम करतो.

निळा पट्टा आणि टोकदार पंख एकत्र दिसले की ओळख पटली म्हणून समजा. सह्याद्रीत या वर्णनात बसणारं दुसरं फुलपाखरू नाही.

आणि मिटले की?

मिटले की समोर सुकं पान असतं. पुढच्या पंखाचं टोक पानाच्या टोकासारखं निमुळतं, मागच्या पंखाची बारीक शेपटी म्हणजे देठ, आणि देठापासून टोकापर्यंत जाणारी एक गडद सरळ रेघ म्हणजे मधली शीर. तिच्यातून फुटणाऱ्या फिकट तिरक्या रेघा या उपशिरा. त्यावर बुरशी लागल्यासारखे काळे ठिपके, कुठे पिवळट डाग, आणि तो काचेसारखा ठिपका आता किड्याने पाडलेलं भोक वाटतो.

जवळून फोटो मिळाला तर तो मोठा करून ती मधली शीर नीट बघा. पंखाला स्वतःच्या खऱ्या शिरा असतात, त्या पंखाच्या बुडापासून कडेकडे जातात. पानाची शीर म्हणून आपल्याला दिसणारी रेघ या खऱ्या शिरांना आडवी कापत जाते. म्हणजे ती निव्वळ रंगाने काढलेली आहे, आणि तीही दोन वेगळ्या पंखांवर मिळून. पुढचा आणि मागचा पंख ठरावीक जागी एकमेकांवर आले तरच रेघ सलग दिसते. फुलपाखरू बसल्यावर पंख किंचित सरकवून जुळवून घेतं, ते यासाठीच. डोकं आणि मिशा पंखांच्या आत ओढून घेतल्या की चित्र पूर्ण होतं.

नर आणि मादी ओळखता येतात का?

मादीच्या पुढच्या पंखाचं टोक जास्त लांब आणि अणकुचीदार असतं. बाजूबाजूला दोघं दिसली तर फरक कळतो; एकट्याच्या फोटोवरून छातीठोकपणे सांगू नये.

आमच्याकडे पायवाटेवर पाचोळ्यात बसलेलं दिसलं. ओकलीफच ना?

पाचोळ्यात जमिनीवर बसलेलं असेल तर ते इव्हिनिंग ब्राऊन असण्याची शक्यता खूप जास्त. सगळ्यात जास्त गफलत याच्याशीच होते.

कॉमन इव्हिनिंग ब्राऊन हे शेतशिवारापासून शहरातल्या सोसायटीपर्यंत सगळीकडे असतं. त्याचे सुरवंट गवतावर आणि भातावर वाढतात, त्यामुळे त्याला जंगलाची गरजच नाही. दिवसभर ते सावलीत, पाचोळ्यात बसून असतं. पाय अगदी जवळ पडला की उठतं, जमिनीलगत धडपडल्यासारखं थोडं उडतं आणि पुन्हा पाचोळ्यात बसतं. उडण्याची त्याची खरी वेळ पहाट आणि संध्याकाळ. ओकलीफ असं करत नाही. ते उठलं की वेगाने, जोरकस, वेडंवाकडं उडत झाडीत घुसतं आणि बहुधा खोडावर किंवा फांदीवर बसतं.

आकारातही फरक आहे. इव्हिनिंग ब्राऊनच्या पंखाची कड कापल्यासारखी, कोनदार असते, पण देठासारखी लांब शेपटी नसते आणि टोकापासून देठापर्यंत सलग मधली शीर नसते. पावसाळ्यातल्या रूपात पंखाखाली डोळ्यांसारख्या ठिपक्यांची ओळ स्पष्ट दिसते. कोरड्या दिवसांत हे डोळे जवळजवळ नाहीसे होतात आणि खालची बाजू सुक्या पानाच्या रंगाची होते. नेमक्या त्याच दिवसांत लोक जंगलात फिरायला जातात आणि ‘ओकलीफ’ घेऊन परत येतात.

वरची बाजू क्षणभर जरी दिसली तरी प्रश्न मिटतो. तपकिरी पंख आणि टोकाजवळ नारिंगी छटेत काळा डोळा असला तर इव्हिनिंग ब्राऊन. निळं काही दिसलं तर ओकलीफ.

आणखी कोणाशी घोळ होतो?

सह्याद्रीच्या दक्षिण भागात ‘ऑटम लीफ’ नावाचं फुलपाखरू आहे. तेही पानासारखं, तेही देठवालं. पण त्याची वरची बाजू नारिंगी-तपकिरी असते आणि मिटलेल्या मागच्या पंखावर लहान डोळे दिसतात. कोकणाच्या टोकाला, गोव्यात किंवा त्याखाली फिरत असाल तर ही शक्यता डोक्यात ठेवा.

ऑरेंज ओकलीफ हे ब्लू ओकलीफचं सख्खं भावंड. मिटलेले पंख पाहून दोघांत फरक सांगणं अवघड. उघडले की निळसर-पांढऱ्या पट्ट्याच्या जागी नारिंगी पट्टा. त्याचं मुख्य घर हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारतापर्यंत, शिवाय मध्य भारतात पचमढीकडेही ते आहे. 2020 मध्ये राष्ट्रीय फुलपाखरू कोणतं असावं यासाठी लोकांची मतं घेतली गेली, तेव्हा शेवटच्या सात नावांत हे होतं. समाजमाध्यमांवर फिरणारे ‘पानासारखं फुलपाखरू’वाले बहुतेक व्हिडिओ याचेच असतात. ते पाहून सह्याद्रीत नारिंगी पट्टा शोधत बसू नका.

तिसरा घोळ पतंगाशी. मोसंबी-डाळिंबाच्या बागायतदारांना फळातला रस शोषणारा पतंग चांगलाच माहीत असतो. त्याचे पुढचे पंख सुक्या पानासारखे आणि मागचे भडक पिवळे-नारिंगी. तो रात्रीचा, आणि बसताना पंख अंगावर छपरासारखे उतरते ठेवतो. ओकलीफचे पंख पाठीवर उभे, एकमेकांना चिकटलेले असतात. मिशा दिसल्या तर आणखी सोपं: फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, या पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या असतात.

कुठे आणि कधी बघायला मिळेल?

दमट, दाट झाडीचा डोंगराळ भाग. सह्याद्री हे त्याचं हक्काचं घर. महाराष्ट्रात आंबोली, माथेरान अशा ठिकाणी ते आहे. मुंबईकरांना लांब जायची गरज नाही, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही त्याच्या नोंदी आहेत. गोव्यातल्या घाटाकडच्या जंगलांतही ते आढळतं. ओढ्याकाठची झाडी, जंगलातली सावलीची वाट, कारवीने भरलेला उतार या जागा आधी धुंडाळा. उघड्या माळावर, गवताळ पठारावर वेळ घालवू नका.

पावसाळा ओसरल्यापासून हिवाळ्यापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यातही दिसतं, पण तेव्हा ओढ्याच्या ओलाव्याजवळच जास्त. सकाळी ऊन झाडीत उतरू लागलं की ते पानावर बसून पंख उघडून ऊन खातं. निळ्या बाजूचा फोटो हवा असेल तर हीच वेळ. दुपारनंतर पंख बहुधा मिटलेलेच.

उडताना दिसतं आणि मग कुठे जातं कळतच नाही. शोधायचं कसं?

याच प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप आहे. कारण ओकलीफ हरवतं ते आपल्या धावण्यामुळे.

उठल्यावर ते निळं चमकतं, दोन-तीन झोके घेतं, एखाद्या झुडपाच्या मागे वळतं आणि खटकन बसतं. बसताना घिरट्या नाहीत, पंखांची उघडझाप नाही. आपली नजर मात्र अजून निळा रंग शोधत पुढे गेलेली असते. तुम्ही झुडपापर्यंत पळत गेलात तर ते तुमच्या आधी उठतं आणि मग खरंच जातं.

उठलं की जागेवरच थांबा. शेवटचं कुठे दिसलं त्या जागेची खूण करा: अमुक खोड, वाकडी फांदी, पिवळं पान. निळा रंग दिसेनासा झाला त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे हात-दोन हातांत ते असतं. आता दुर्बीण असली तर तिने, नसली तर नुसत्या डोळ्यांनी तो भाग वरून खाली, सावकाश, इंच इंच पाहा. शोधायचं काय? निळं काहीच नाही. खोडाला चिकटलेलं, एकटं, सरळ उभं ‘पान’. खरं सुकं पान खोडावर क्वचितच उभं चिकटून राहतं. ते लोंबतं, वाऱ्यावर हलतं, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेलं असेल तर गरगरतं. आजूबाजूची पानं हलताहेत आणि एक पान खोडाला देठ टेकवून गप्प उभं आहे, तर तिकडे पुन्हा बघा. खालच्या कडेला चार बारीक पाय दिसले की शोध संपला.

दुसरा उपाय आणखी आळशी. चीक वाहणारं खोड किंवा पडून सडलेलं फळ शोधा आणि सोयीच्या अंतरावर बसून राहा. ओकलीफ एकदा तिथे आलं की उठवलं तरी पुन्हा त्याच जागी येण्याची चांगली शक्यता असते. नर तर वाटेच्या कडेची एखादी उंचवट्याची फांदी धरून बसतात. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या फुलपाखरावर झेपावतात आणि फिरून त्याच फांदीवर येतात. तिथे पाठलागापेक्षा बैठक कामी येते.

फुलांवर का दिसत नाही?

कारण त्याला फुलांमध्ये फारसा रस नाही. झाडाच्या खोडाला जखम होऊन वाहणारा चीक आणि जास्त पिकून आंबलेली फळं हा त्याचा आहार. पडलेला फणस, उंबराखाली सडलेली उंबरं, अशा ठिकाणी ते सोंड लावून बराच वेळ बसतं. ओल्या मातीवर, शेणावरही उतरतं. फुलपाखरांच्या या सवयीला चिखलपान म्हणतात आणि त्यातून त्यांना क्षार मिळतात.

चिकावर बसलेलं ओकलीफ म्हणजे पाहणाऱ्याची चैन. एरवी माणसाच्या सावलीलाही दचकणारं हे फुलपाखरू आंबलेल्या रसावर बसलं की बरंच सुस्तावतं. अशा वेळी सोंड नीट दिसते: खोडाच्या भेगेत टोक घालून ती चाचपत असते, बाकी शरीर मात्र पानासारखं स्तब्ध. त्याच भेगेवर मोठमोठ्या गांधीलमाश्याही येतात हे विसरू नका. कॅमेरा पुढे करायच्या आधी कोण कोण जेवायला बसलंय ते पाहून घ्या.

ते डोकं वर करून बसतं की खाली?

जुन्या चित्रांत ते नेहमी डोकं वर, शेपटी फांदीला टेकलेली असं दाखवतात, म्हणजे पान फांदीला फुटल्यासारखं दिसतं. रानात खोडावर बसलेलं ओकलीफ अनेकदा डोकं खाली करून असतं. तेव्हा ‘देठ’ वर, हवेतच. तरीही फसवणूक बिनबोभाट चालते, कारण पक्षी काही वनस्पतीशास्त्राची परीक्षा घेत नाही. सुकं पान कोणत्याही दिशेला तोंड करून पडलेलं असू शकतं.

लपायचंच आहे तर वर निळा रंग कशाला?

निळा रंग लपण्याच्या युक्तीला मदतच करतो. उडणाऱ्या ओकलीफच्या मागे लागलेला पक्षी निळ्या चमकीवर नजर ठेवून असतो. बसल्याक्षणी निळं नाहीसं होतं आणि पक्षी जे शोधतोय ते जगात उरतच नाही. रंग दाखवून एकदम झाकण्याची ही रीत नाकतोड्यांपासून पतंगांपर्यंत अनेक कीटकांत आहे. वर सांगितलेला रस शोषणारा पतंगही मागचे नारिंगी पंख असेच झाकतो.

ऊन खाण्यासाठी, आणि आपल्या जातीचं कोण हे ओळखण्यासाठीही वरची बाजू कामी येते. एका पंखाच्या दोन बाजूंना दोन वेगळी कामं आहेत, इतकंच.

एक तपकिरी, एक राखाडी, एक ठिपक्यांचं. या वेगवेगळ्या जाती आहेत का?

नाहीत, जात एकच. खालच्या बाजूचा रंग आणि डाग इतके बदलतात की दोन ओकलीफ शेजारी ठेवली तर हुबेहूब सारखी क्वचितच निघतील. आणि हे सोयीचंच आहे. सगळी एकाच छापाची असती तर पक्ष्यांनी तो छाप पाठ केला असता.

ऑरेंज ओकलीफच्या जनुकांवरचा एक मोठा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पंखाखालच्या या वेगवेगळ्या छापांचं नातं ‘कॉर्टेक्स’ नावाच्या जनुकाशी असल्याचं दिसलं. हाच जनुक इतर अनेक फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या पंखांवरच्या नक्षीतही भाग घेतो. वेगवेगळे छाप फार दीर्घ काळ एकत्र टिकून राहिलेत, म्हणजे निसर्गाने एकाची निवड करून बाकीचे पुसून टाकलेले नाहीत, असाही त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

इतकं हुबेहूब पान उत्क्रांतीत घडलं तरी कसं?

या फुलपाखराने दीडशे वर्षं लोकांना भांडत ठेवलंय. आल्फ्रेड रसेल वॉलेस 1861 च्या अखेरीस सुमात्रात होते. तिथे त्यांना याच गणातलं फुलपाखरू भेटलं. झुडपात शिरताना डोळ्यांदेखत पाहिलेलं फुलपाखरू तिथे गेल्यावर दिसत नसे, असा त्यांचाही अनुभव. डार्विन यांच्याबरोबर नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा हा माणूस. त्यांना या पंखांत आपल्या सिद्धांताचा उत्तम दाखला दिसला. थोडं पानासारखं दिसणारं थोडं वाचलं, जास्त दिसणारं जास्त वाचलं, असं पिढ्यान्‌पिढ्या.

हे सगळ्यांना पटलं नाही. अर्धवट पानाचा काय उपयोग, असा आक्षेप होता. विसाव्या शतकात रिचर्ड गोल्डश्मिट यांच्यासारख्या जनुकशास्त्रज्ञाने असं रूप मोठ्या उडीत, एकदम उद्भवलं असावं, अशी बाजू घेतली. 2014 मध्ये जपानी संशोधकांनी ओकलीफ आणि त्यांच्या नातलग फुलपाखरांच्या पंखांवरच्या नक्षीची एकेक रेघ तपासून वंशवृक्षावर मांडली. पानाचं रूप एकाच उडीत आलेलं नाही. साध्या नक्षीच्या पूर्वजांपासून एकेक बदल जमा होत ते टप्प्याटप्प्याने बनलं, असं त्यातून दिसलं. वॉलेस यांच्या बाजूने हा कौल बराच भक्कम आहे.

आक्षेपाला जंगलातही उत्तर मिळतं. मघाचं इव्हिनिंग ब्राऊन आठवा. त्याच्याकडे ना देठ, ना सलग शीर, नुसता पाचोळ्याचा रंग आणि कापलेली कड. तरी पायाखाली येईपर्यंत ते दिसत नाही. अर्ध्या पानावरही संसार चालतो.

याचे सुरवंट कुठे शोधायचे?

कारवीवर. कारवी आणि अडुळशाच्या कुळातल्या तिच्या इतर काही नातलग वनस्पतींवर ओकलीफचे सुरवंट वाढतात. डोंगरातल्या घरांच्या कुडासाठी जिच्या काठ्या वापरतात तीच ही कारवी. सुरवंट काळसर, अंगभर फांद्या फुटलेले काटे असलेला. या कुळातल्या फुलपाखरांच्या सुरवंटांचे काटे दिसतात भयंकर, पण आग करणारे सहसा नसतात. तरी जंगलात दिसलेला प्रत्येक काटेरी-केसाळ सुरवंट फुलपाखराचा नसतो, काही पतंगांच्या सुरवंटांनी हात सुजतो. तेव्हा बघणं डोळ्यांनीच. कोश तपकिरी, शेपटाकडून टांगलेला, उलटा लोंबणारा.

पावसाळ्यात कारवीच्या पानाला मोठी कुरतड दिसली म्हणून लगेच ओकलीफ समजू नका. कारवीवर जेवणारे पुष्कळ आहेत.

कारवी तर सात वर्षांनी फुलून मरते. मग सुरवंटांचं काय?

सह्याद्रीतली कारवी साधारण सात वर्षांनी एकगठ्ठा फुलते, बी धरते आणि वाळून जाते हे खरं.  पण सगळ्या डोंगरांवरची कारवी एकाच वर्षी फुलत नाही. एक उतार वाळतो तेव्हा शेजारच्या खोऱ्यातला हिरवा असतो, आणि वाळलेल्या उतारावरही पुढच्या पावसात रोपांचं रान माजतं. त्यात त्याच कुळातल्या इतर वनस्पती आहेतच. खरा धोका कारवी तिच्या वेळेला मेल्याने नाही, तर उतारच्या उतार वणव्यात गेल्याने किंवा प्लॉट पाडायला सपाट केल्याने आहे.

आमच्या बागेत येईल का?

बाग जंगलाला लागून असेल तर प्रयत्न करायला हरकत नाही. येऊरसारख्या ठिकाणी, आंबोलीत किंवा घाटमाथ्यावर घर असेल तर सावलीच्या कोपऱ्यात पिकून काळी पडलेली केळी, अननसाची सालं, पेरू एखाद्या ताटलीत ठेवा. फळ जितकं आंबेल तितकं बरं. मुंग्या लागू नयेत म्हणून ताटली टांगा. ओकलीफ नाही आलं तरी बॅरन, नवाब अशी रसाला भुलणारी मंडळी येतील, तोही सोहळा बघण्यासारखा असतो.

शहराच्या मध्यभागी, तिसऱ्या मजल्यावरच्या कुंड्यांत ते येणार नाही. तिथे लिंबू आणि कढीपत्ता लावा. त्यावर दुसरी फुलपाखरं हमखास अंडी घालतात.

जवळ येत नाही म्हणून जाळीत पकडून फोटो काढला तर?

नको. मोठ्या पंखांचं, जोरात उडणारं फुलपाखरू जाळीत फडफडलं की पंखांची कड फाटते, आणि याच्या बाबतीत पंखाची कड म्हणजे पानाची कड. शिवाय राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यांत परवानगीशिवाय कोणताही जीव पकडणं कायद्याने गुन्हा आहे. फ्रीजमध्ये ठेवून सुस्त केलेल्या फुलपाखरांचे फोटोही हल्ली फिरतात. जाणकाराला ते बसण्याच्या पद्धतीवरून ओळखू येतात आणि त्यांची नोंद म्हणून किंमत शून्य.

नोंद करायची तर काय काय लिहावं?

ठिकाण, तारीख आणि वेळ तर हवीच. त्यापुढे ते काय करत होतं हे लिहा: खोडावर की पानावर, जमिनीपासून साधारण किती उंचीवर, डोकं वर की खाली, काही खात असेल तर काय. झाड ओळखता आलं नाही तर त्याच्या पानाचा वेगळा फोटो काढून ठेवा. आयनॅचरलिस्टवर किंवा ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर अशी नोंद टाकता येते आणि जाणकार ती तपासतात. ॲपने सुचवलेलं नाव डोळे मिटून स्वीकारू नका. सुक्या पानासारखं काहीही दिसलं की ॲपही माणसांइतकंच हुरळून ‘ओकलीफ’ म्हणतं. मिटलेल्या पंखांचा एकच फोटो असेल तर देठ, सलग शीर आणि टोक तिन्ही त्यात दिसतील अशी बाजू निवडा.

हे विषारी आहे का?

नाही. विषारी फुलपाखरं सहसा भडक रंग मिरवत, संथ उडतात. पक्ष्यांनी त्यांना ओळखून टाळावं यातच त्यांचा फायदा असतो. ओकलीफ पक्ष्यांना चविष्ट लागतं, म्हणूनच तर इतकी लपाछपी.

रात्री घरात ट्यूबलाइटपाशी सुक्या पानासारखं फुलपाखरू आलंय. ओकलीफ?

जवळजवळ नक्की कॉमन इव्हिनिंग ब्राऊन. ते संध्याकाळी उडतं आणि दिव्याकडे ओढलं जातं. भिंतीवर पंख पसरून बसलेलं असेल तर बहुधा पतंग. दोन्ही बाबतींत खोलीतला दिवा मालवा, खिडकी उघडी ठेवा आणि पंखा बंद करायला विसरू नका.